मागच्या खोलीतलं विमान

त्या संध्याकाळपासून मला एक खोड लागली आहे. कुणी मला 'हो' म्हटलं, की मी आधी आठवून बघतो, आपण ह्याला खरंच काही विचारलं होतं का. बायको म्हणते, तुमचं डोकं फिरलंय. फिरलं असेल. भाऊजींच्या मागच्या खोलीत जे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, ते बघून ज्याचं डोकं ठिकाणावर राहील त्याच्यापुढे मी हात जोडायला तयार आहे. माझं नाही राहिलं. अजूनही मधेच आठवतं आणि हातातली सुई तशीच राहते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आयुष्यभर त्यांनी शहराची बस चालवली. अंगानं आडवे, बोलायला कमी, आणि घाई ह्या गोष्टीशी त्यांचं जन्माचं वैर. कंडक्टरनं दोनदा घंटी दिल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नाही. मागून भोंगे वाजोत, हिरव्याचा लाल होवो, डेपोचे साहेब स्वतः गाडीत उभे राहून 'चला' म्हणोत, हा माणूस ढिम्म. घंटी वाजली की निघणार. त्यांच्या ह्या हट्टापायी गाडीला रोज उशीर व्हायचा आणि डेपोत सगळे त्यांना 'ठोंब्या' म्हणायचे. त्यांच्या कानावर ते जायचं, पण त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

एकदा मीच त्यांना म्हटलं होतं, अहो, आरशात दिसतं ना सगळे चढलेत ते, मग घंटीचं एवढं काय घेऊन बसलात. तेव्हा त्यांनी मला त्यांच्याच डेपोतल्या एका ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. त्यानं घंटी न होता गाडी काढली. एका बाईचा एक पाय पायरीवर होता आणि एक रस्त्यावर. बाई वाचली, पाय गेला. चौकशीत तो ड्रायव्हर शपथेवर सांगत होता, की मला घंटी ऐकू आली. सगळ्यांनी त्याला खोटारडा ठरवलं. भाऊजी मात्र म्हणाले, "तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ऐकू आली होती. रोज त्याच थांब्यावर तेवढ्याच वेळानं वाजते, त्यामुळे त्या दिवशी वाजली नाही तरी त्याला ऐकू आली." मला ते काही फारसं पटलं नव्हतं. ऐकू येतं किंवा येत नाही, मधलं काही नसतं असं माझं मत होतं.

निवृत्त झाल्यावर हा माणूस कोपऱ्यावरच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या बस मोजेल, असा आमचा सगळ्यांचा अंदाज होता. तर एक दिवस ताईचा फोन. आवाज पार उतरलेला. म्हणाली, "तू जरा येऊन जा. तुझे भाऊजी मागच्या खोलीत विमान बसवतायत."

मी धावत गेलो. बघतो तर खरंच. जुनं दार सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं, त्यावर तीन मोठे पडदे शेजारी शेजारी, मधे इंजिनांच्या दांड्या, बाजूला चाकं वरखाली करायचा खटका, दोन्हीकडे विमान वळवायचे दांडे. खाली तारांचा असा गुंता, की एखादी मांजर शिरली तर तिला बाहेर काढायला माणूस बोलवावा लागेल. ह्याला सिम्युलेटर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. खऱ्या विमानात जे जे होतं ते सगळं ह्यात होतं, फक्त विमान नसतं. डेपोच्या भंगारातून त्यांनी बसच्या दोन सीटही आणल्या होत्या आणि त्या मला दाखवून म्हणाले, "ह्यांना निळं रेक्झिन लाव." मी सोफे शिवतो. पोटासाठी मी लोकांच्या नाना तऱ्हेच्या हौशी झाकल्या आहेत, पण कॉकपिट पहिल्यांदाच.

कारण अर्थातच चिमी. चिमी म्हणजे ताई-भाऊजींची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून चिमी, आणि आता प्रवासी विमानाची सहवैमानिक. खांद्यावर पट्टे, डोक्यावर टोपी. भाऊजी स्वतः उभ्या जन्मात विमानात बसले नव्हते. मी विचारलं, हे काय खूळ काढलंत? तर म्हणाले, "पोरगी दिवसभर काय करते ते बापाला कळायला नको?"

आणि कळून घेतलं त्यांनी. चिमीची जुनी पुस्तकं, ती सुट्टीवर आली की तिची शिकवणी, असं करत करत माणूस तयार झाला. एका रविवारी त्यांनी मला मागच्या ट्रंकेवर बसवून विमान वर नेऊन दाखवलं. दोन्ही दांड्या आधी अर्ध्यापर्यंत पुढे. थांबायचं. दोन्ही इंजिनं सारखी बोलायला लागली की मग पूर्ण पुढे. समोरच्या पडद्यावरची धावपट्टी अंगावर यायला लागली. वैमानिक दोन असतात, एक चालवतो आणि दुसरा आकडे बघून हाक देतो. वेग शंभरावर गेला की तो म्हणतो 'शंभर', चालवणारा म्हणतो 'चेक'. मग येतं 'व्ही वन'. त्याच्या आधी काही बिघडलं तर 'थांब' म्हटल्याबरोबर थांबायचं, वाद नाही. त्याच्यानंतर थांबायचं नाव नाही, पुढे जमीनच पुरत नाही, म्हणून चालवणारा दांड्यांवरचा हात काढूनच घेतो. मग 'रोटेट', म्हणजे नाक उचल. जमीन सुटली की हाक येते 'पॉझिटिव्ह क्लाइंब', विमान खरोखर वर चाललंय. ती ऐकली की चालवणारा म्हणतो 'गिअर अप', आणि चाकं पोटात जातात.

"एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं," भाऊजी म्हणाले. "आपल्या घंटीसारखंच आहे बघ." तोवर मी डोळे गच्च मिटून ट्रंकेच्या कड्या धरल्या होत्या. तळमजल्याची खोली होती ती. तरी सांगतो, जमीन सुटलेली मला कळली.

पण भाऊजींची तऱ्हा अशी, की ते विमान फक्त वर न्यायचे. ढगांच्या वर गेलं, सरळ झालं, की बटण बंद करून जेवायला यायचे. उतरवणं नाही. म्हणायचे, शेवटचा थांबा मी आयुष्यभर गाठला, आता पुरे. ताईचा जीव मात्र वरच्या वर राहायचा. ती मला खरोखर काळजीनं विचारायची, "अरे, पण मागे बसलेल्या माणसांचं काय होत असेल?" मी म्हटलं, कुणी बसलेलं नसतं गं. ती म्हणाली, तेही धडपणे सांगता येत नाही.

हळूहळू ती हाक-उत्तरं साऱ्या घरात शिरली. ताई बाहेरून 'चहा' म्हणाली की आतून 'चेक'. मी निघताना 'जातो' म्हटलं की 'गिअर अप'. चिमी घरी आली की बापलेक त्या खोलीत जाऊन बसायची. भाऊजी डाव्या खुर्चीत, म्हणजे कॅप्टन. चिमी उजव्या खुर्चीत, कारण सहवैमानिक खऱ्या विमानातही उजवीकडेच बसतो. दारातून बघणाऱ्याला वाटावं, एक जाडा कॅप्टन निवृत्तीचं वय विसरून गेलाय.

चिमीबद्दल ताईची एकच तक्रार होती. पोरगी अलीकडे शिष्ट झाली आहे. बोलावलं तर वळत नाही, विचारलं तर उत्तर देत नाही, दिलंच तर भलतंच. "पट्टे लागल्यापासून आईचं बोलणं हिच्या कानात शिरत नाही," ताई म्हणायची, आणि चिमीला रागवताना सारखी एकच ओळ, कान फुटलेत का गं तुझे. घरोघरी आया म्हणतात तसंच. मला वाटायचं, वर राहणाऱ्या माणसाला खालचं बोलणं जरा कमीच ऐकू येणार. ह्यावर मी चारचौघांत एक विनोदही करत असे. तो आता सांगवत नाही.

तर ती संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आणि भाऊजी जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते, आणि त्याच विमानावर चिमीची पाळी होती. पोरगी चालवणार आणि आईबाप मागे बसणार. गल्लीत ही बातमी ताईनं एवढी फिरवली होती, की इस्त्रीवाल्यानं भाऊजींच्या शर्टाचे पैसे घेतले नाहीत. मी घर सांभाळायला म्हणून मुक्कामाला गेलो होतो. ताई बाहेरच्या खोलीत बॅग भरत होती, म्हणजे भरत होती आणि परत उपसत होती. विमानात चपला चालतात की बूट लागतात, हा प्रश्न तिनं मलाच तीनदा विचारला.

चिमी उजेड असतानाच आली. गणवेश कव्हरात घालून खिळ्याला लावला आणि म्हणाली, बाबा, उद्याच्या आधी एक टेकऑफ होऊन जाऊ दे. भाऊजी वाटच बघत होते. खोलीत गेल्यावर ते नेहमीच्या डाव्या खुर्चीकडे गेले, थांबले, आणि तिला म्हणाले, "आज तू इथं बस." कारण तिला कंपनीनं कळवलं होतं, काही महिन्यांत तिचं कॅप्टनचं प्रशिक्षण सुरू होणार. चिमी जरा घुटमळली. मला वाटलं, लाजली. मग बसली. भाऊजी उजवीकडे बसले. ती खुर्ची पाय कापताना माझ्या हातून थोडी बुटकी झाली होती, त्यामुळे भाऊजी तिच्या शेजारी शाळकरी मुलासारखे दिसत होते. मी मागे ट्रंकेवर.

चालवणार चिमी, हाका देणार भाऊजी. इंजिनांचा आवाज भाऊजींनी नेहमीसारखा मोठा ठेवला होता, पण मला मागे त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. दांड्या अर्ध्या पुढे, मग पूर्ण. धावपट्टी पळायला लागली. वेगाचा आकडा चढत चढत शंभरावर गेला.

भाऊजींनी हाक दिली नाही.

लेकीला डाव्या खुर्चीत बघून त्या ठोंब्या माणसाच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी मागून बघत होतो, त्यांनी तोंड उघडलं, आणि नुसताच श्वास घेतला.

चिमी म्हणाली, "चेक."

मी हसलो. मला वाटलं, गंमतच आहे, न विचारताच उत्तर. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. मग भाऊजी रोजच्या आवाजात म्हणाले, "थांब."

व्ही वन अजून यायचं होतं. 'थांब' म्हटल्यावर दांड्या मागे खेचायच्या, हे मला सोफेवाल्यालाही ठाऊक होतं. तिनं खेचल्या नाहीत. आकडा पुढे गेला, तिनं शिस्तीत दांड्यांवरचा हात काढून घेतला, आणि थोड्या वेळानं नाक उचललं. भाऊजींनी ह्यातली एकही हाक दिलेली नव्हती. जमीन सुटली. खाली घरं लहान व्हायला लागली. भाऊजी तिच्याकडे वाकून म्हणाले, "चिमे, आपण खाली पडतोय."

"गिअर अप," चिमी म्हणाली. चेहऱ्यावर हसू होतं. फार छान जमल्यासारखं हसू.

माझं हसणं तोंडातच राहिलं. भाऊजींचा हात चाकांच्या खटक्यापर्यंत गेला, त्यांनी खटका वर केला, सवयीनंच. आणि ते तसेच बसून राहिले. समोर पांढरे ढग आले, विमान त्यात शिरलं, चिमी मन लावून चढवत होती. भाऊजी खाली वाकले आणि त्यांनी भिंतीतलं बटण बंद केलं.

तिन्ही पडदे काळे झाले. आवाज बंद. असं अर्ध्यावर त्यांनी कधीच बंद केलं नव्हतं. चिमी म्हणाली, लाइट गेली का? भाऊजी उठले. माझ्या पायांवरून, तारांवरून, सगळ्या खोलीला वळसा घालून ते तिच्या डाव्या बाजूला आले आणि तिथं गुडघ्यांवर बसले.

"उजवा कान कधीपासून?" त्यांनी विचारलं.

आधी तिनं उडवून लावलं. सर्दी आहे, म्हणाली. वर-खाली करून कानाला दडे बसतात, सगळ्यांनाच होतं. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. बसमध्ये विनातिकीट माणूस सापडला की ते आरशातून असेच बघायचे आणि तो माणूस आपण होऊन खिशात हात घालायचा. चिमीनंही शेवटी सांगितलं. वर्ष होत आलं. आधी कानात नुसती शिटी वाजायची, मग ऐकू येणं कमी होत गेलं, आता त्या बाजूनं जवळजवळ काहीच नाही. दुसऱ्या शहरात जाऊन एका डॉक्टरला दाखवलं होतं. त्यांनी सांगितलं, हे बरं होण्यातलं नाही, आणि आधी विमान सोडा. तिनं सोडलं नाही. कॉकपिटमध्ये कॅप्टन डावीकडे बसतो, चांगला कान त्याच्याकडे असतो. शिवाय कानावर हेडफोन, त्याचा आवाज मोठा करता येतो. चाललं होतं सगळं. कंपनीची तपासणी पुढच्या महिन्यात होती, त्याचंही काहीतरी बघता येईल, असं म्हणाली.

मी थक्क होऊन ऐकत होतो. ही आमची चिमी, जी लहानपणी खोटं बोलली की हिला उचकी लागायची, ती हे एका दमात सांगत होती, जणू बसचा पास हरवला आणि नवीन काढायचाय.

भाऊजींनी विचारलं, "चक्कर येते?"

तिनं मान खाली घातली.

"विमानात आलीये?"

"एकदाच," ती म्हणाली. "चढत असताना. सगळं गरकन फिरलं. वर कुठं, खाली कुठं, काही कळेना. पण तेव्हा कॅप्टन चालवत होते, बाबा. मी सीट धरून बसले. थोड्या वेळानं गेलं."

"कॅप्टनला सांगितलंस?"

"नाही."

"मागे माणसं होती?"

"भरलेलं होतं," चिमी म्हणाली.

मी ताईचा भाऊ आहे, चिमीला मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे, तरी त्या क्षणी मला तिची भीती वाटली. खोटं कशाला सांगू. त्या भरलेल्या विमानातल्या एकालाही माहीत नाही, की त्या दिवशी समोर काय झालं. कुणी झोपलं असेल, कुणी खिडकीतून ढग बघत असेल. आणि उद्या त्याच जागी माझी बहीण बसणार होती, चपला घालून की बूट घालून, हे अजून ठरत नव्हतं.

भाऊजी जमिनीवर बसले होते, ते तिथूनच बोलले. आवाज चढवला नाही. "तू आजच्या आज कळव. कान, चक्कर, सगळं. तू नाही कळवलंस तर मी कळवीन."

चिमीनं त्यांच्याकडे असं बघितलं, की मला खोलीबाहेर जावंसं वाटलं. ती म्हणाली, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? परत कधीच बसू देणार नाहीत मला. लहानपणापासून मला दुसरं काही नको होतं. तुम्ही मला संपवताय, बाबा."

"तू चालवत असलीस तर मी डोळे मिटून बसेन," भाऊजी म्हणाले. "तू दोन्ही कानांनी बहिरी असलीस तरी बसेन. तुझी आईपण बसेल. आमचं काय घेऊन बसलीस? पण बाकीचे जे बसतात ते तुझे आईबाप नाहीत."

ती उठली आणि बाहेर निघून गेली. आम्ही दोघं काळ्या पडद्यांसमोर बसलो. भाऊजींनी उशीवर टेकावं तसं डोकं त्या निळ्या रेक्झिनवर टेकलं. मी काहीतरी बोलायला म्हणून म्हटलं, करेल ती. मग भाऊजी उठले, टेबलावर तिचा मोबाइल राहिला होता तो घेतला आणि बाहेरच्या खोलीत गेले. मी मागोमाग.

बाहेर पंखा घरघरत होता आणि चिमी पलंगाच्या कडेला बसली होती. ताई तिच्या उजवीकडे उभी राहून घड्या घालत होती आणि एकटीच बोलत होती, खिडकीजवळची जागा मिळेल ना, कानात कापूस घालायचा असतो म्हणतात ते खरं का. चिमी समोरच्या भिंतीकडे बघत होती. भाऊजींनी फोन तिच्या शेजारी ठेवला आणि तिथंच पलंगावर टेकले. ताईनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि मग नेहमीची ओळ तिच्या तोंडून गेली.

"अगं, मी मघापासून विचारतेय. कान फुटलेत का तुझे?"

चिमी वळली नाही. कशी वळणार. पण मी समोरच उभा होतो, तिनं माझं तोंड बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, मी ते लपवू शकलो नाही एवढं खरं. ती मला म्हणाली, "मामा, आई आत्ता काय म्हणाली?"

ताई माझ्याकडे बघायला लागली, मग चिमीकडे, मग भाऊजींकडे. तिच्या हातातला शर्ट घडी मोडून खाली लोंबत होता. तो इस्त्रीवाल्यानं फुकट करून दिलेलाच शर्ट होता.

चिमीनं फोन उचलला, डाव्या कानाला लावला. ड्यूटी लावणाऱ्या माणसाशी ती एकदम कामाच्या आवाजात बोलली, नाव आणि नंबर सांगून. म्हणाली, उद्याच्या उड्डाणाला मी नाही, दुसरं कुणी बघा. पलीकडून बहुधा विचारलं, सर्दी लिहू का. तेवढ्यावर ती सुटली असती. एक दिवसाची सर्दी कुणाला होत नाही? ती म्हणाली, "नाही, सर्दी नाही. माझा उजवा कान गेलाय. आणि मला चक्कर येते. मेडिकलला कळवा, मी पुन्हा उडणार नाही." मग पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. ती हं, हं करत राहिली आणि फोन ठेवला.

ताई मटकन खाली बसली. वर्षभर ज्या पोरीला ती शिष्ट म्हणत आली होती, तिच्या पायांकडे बघत बसली. तिला एकदम रडूही येईना. म्हणाली, "कुठल्या कानानं?" चिमीनं बोट लावून दाखवलं. ताईनं तिथं नुसता हात ठेवला, दुखणाऱ्या जागी ठेवतात तसा. मग म्हणाली, उद्या मग आपण कुणाच्या विमानात बसायचं? चिमी म्हणाली, "बसायचं, आई. चालवणारं असतंच कुणीतरी."

खिळ्यावर गणवेश होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मग चिमी समोर बघत बघतच म्हणाली, "बाबा, खरं सांगा. मी फोन केला नसता तर तुम्ही केला असता?"

भाऊजी तिच्या उजव्या अंगाला बसले होते. आयुष्यात ज्या माणसानं घंटी न होता चाक हलवलं नाही, त्याच्याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. उत्तर मला पाठ होतं. भाऊजी हातांकडे बघत खालच्या आवाजात म्हणाले, "नाही गं. नसता झाला माझ्यानं. उद्या गपचूप जाऊन बसलो असतो मागे."

मी ताईकडे बघितलं. ताईनंही ऐकलं होतं. सगळं विमान, सगळी माणसं, आणि ती नुसत्या एका धमकीवर वाचली होती. त्या धमकीच्या मागे काहीच नव्हतं.

चिमी त्यांच्याकडे वळली. "काय म्हणालात? ह्या बाजूनं ऐकू येत नाही मला."

भाऊजींनी मान वर केली. जड अंगानं उठले, पलंगाला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आले, आणि तिच्या कानाजवळ तोंड नेऊन स्पष्ट म्हणाले, "हो. केला असता."

"मला माहीत होतं," चिमी म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. ताईनं आणि मी दोन्ही उत्तरं ऐकली होती. आम्ही काही बोललो नाही, आणि अजूनही बोललेलो नाही.